शेपटीच्या पंख्याविना: घरच्या सिमवरच्या चिनूकची पार्श्वभूमी

जुहूहून बॉम्बे हायकडे माणसं नेणारी पवनहंसची हेलिकॉप्टरं मुंबईकरांच्या ओळखीची आहेत: वर एक मोठा रोटर (फिरत्या पात्यांचं चक्र), शेपटीला छोटा पंखा. एकामागे एक दोन रोटर असलेलं चिनूक हवाई दलात मार्च 2019 मध्ये आलं, तेही चंडीगडला. घरच्या सिमवर, म्हणजे संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरवर, मात्र ते जुहूहूनच उडवता येतं, आणि हौस दांडगी असेल तर मुळापासून बांधताही येतं.

मोठा रोटर एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचं धड उलट्या दिशेने फिरू पाहतं. शेपटीचा पंखा त्याला आवरतो, पण त्यापायी इंजिनाची ताकद खातो आणि वजन उचलायला हातभार लावत नाही. पुढचा-मागचा रोटर विरुद्ध दिशांना फिरवले की हा टॉर्क, म्हणजे धडाला फिरवणारा जोर, आपसातच फिटतो. शिवाय आतला माल थोडा पुढेमागे सरकला तरी तोल फारसा बिघडत नाही.

1907 साली फ्रान्समध्ये सायकलींच्या धंद्यातले पॉल कोर्नू अशाच दोन रोटरच्या सांगाड्यावर बसून जमिनीपासून जेमतेम उचलले गेले, असं सांगतात. 1933 मध्ये बेल्जियममध्ये निकोलस फ्लोरीन यांचं यंत्र खरोखर हवेत टिकलं. गंमत म्हणजे त्यांनी दोन्ही रोटर एकाच दिशेने फिरवले आणि अक्ष किंचित कलते ठेवून टॉर्क मारला. पुढे अमेरिकेत फ्रँक पियासेकींचं ‘उडतं केळं’ मार्च 1945 मध्ये उडालं. पाती एकमेकांना लागू नयेत म्हणून त्याचं धडच वाकवलेलं होतं. पियासेकींची कंपनी नंतर व्हर्टोल झाली, 1960 मध्ये बोइंगकडे गेली आणि पुढच्याच वर्षी चिनूक उडालं.

चिनूकच्या दोन्ही रोटरची वर्तुळं एकमेकांत शिरतात, म्हणून ते शाफ्टने एकमेकांशी जखडलेले असतात. 6 नोव्हेंबर 1986 ला स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या संबर्गजवळ तेलक्षेत्रातून कामगारांना परत आणणाऱ्या चिनूकचा पुढचा गिअरबॉक्स निकामी झाला. रोटरचा मेळ सुटला, पाती एकमेकांवर आदळली. 47 पैकी 45 जण गेले.

खेळांमध्ये ही धास्ती नाही, तिथली अडचण वेगळी. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हेलिकॉप्टर म्हणजे प्रामुख्याने बेल 206, एकाच मोठ्या रोटरचं. हौशी मंडळींनी त्यावर चढवलेली चिनूकं दिसायला दोन रोटरची, आत गणित एकाच रोटरचं. खरा फरक पडला तो नव्वदच्या दशकात ऑस्टिन मेयर यांच्या एक्स-प्लेन या सिम्युलेटरमुळे. त्यात पात्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल मोजलं जातं. कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे, पण त्यामुळे रोटर कुठेही बसवा, उत्तर मिळतं. 2019 मध्ये कर्बल स्पेस प्रोग्राम या यानं बांधायच्या खेळाच्या ‘ब्रेकिंग ग्राउंड’ या पुरवणीने तर मोटर आणि पातीच सुटे भाग म्हणून हातात दिली.

इथून पुढे डोकं खातं ते कंट्रोल जुळवणं. नाक खाली घालायचं तर मागच्या पात्यांचा कोन वाढवायचा, पुढच्यांचा कमी करायचा. जागेवर वळायचं तर पुढचा रोटर एका बाजूला कलवायचा, मागचा दुसऱ्या. खऱ्या यंत्रात हे मिश्रण दांड्या-तरफांनी होतं, कर्बलमध्ये एकेक भाग हाताने जॉयस्टिकला बांधावा लागतो. एक दिशा उलटी बांधली गेली की पहिल्याच चाचणीत कोलांटी ठरलेली.

आणि चाचणी सुरळीत पार पडली, तर मी जास्त संशय घेईन. पुढे जाताना खऱ्या टँडमचा (एकामागे एक दोन रोटरच्या हेलिकॉप्टरचा) मागचा रोटर पुढच्याने खाली ढकललेल्या हवेत सापडतो, त्याची उचल घटते आणि नाक वर येऊ पाहतं. म्हणून तो खांबावर उंच बसवतात, शिवाय स्थिरीकरण यंत्रणा लागते. कर्बलच्या मूळ हवेत हा झोत नाहीच, शिवाय एकाच यानाची पाती एकमेकांतून आरपार जातात. तिथलं टँडम म्हणूनच फाजील गुणी वाटतं. ते अधांतरी स्थिर राहिलं यावर समाधान न मानता वेग हळूहळू वाढवत न्यावा, आणि 2024 मध्ये डीसीएस या लढाऊ उड्डाणांच्या सिम्युलेटरमध्ये आलेल्या सीएच-47एफ या चिनूकवर तीच चाल करून दोन्हींचं नाक कधी उठतं ते ताडून पाहावं.