कूलरची टाकी आणि बेक्सहिलचा पॅव्हेलियन

एप्रिलमध्ये कूलर काढला, तर पत्र्याच्या टाकीच्या एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढं भोक. बाजूचा पत्रा मात्र खणखणीत. शेजारचे काका म्हणाले, "शनिवारी घेतला असशील. नाहीतर आपल्या नागपुरात कुठे आला समुद्र, लोखंड असं सडायला?" लोखंडाला वार कळत नाही, एवढं सांगून तो विषय मी संपवला. समुद्राचं मात्र नीट सांगायला हवं, कारण त्यात माझ्या फार आवडीची एक इमारत आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिल गावात १९३५ च्या डिसेंबरमध्ये डे ला वॉर पॅव्हेलियन खुला झाला. गावाचे महापौर, नववे अर्ल (उमराव) डे ला वॉर, समाजवादी विचारांचे. सगळ्यांना परवडेल असं करमणुकीचं ठिकाण हवं म्हणून खुली स्पर्धा झाली आणि दोनशेहून अधिक आराखड्यांतून एरिक मेंडेलसोन व सर्ज चेरमायेफ यांचा निवडला गेला. मेंडेलसोन ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली होती. सपाट छप्पर, लांबच लांब काचा, समुद्राकडे पुढे आलेला काचेचा अर्धगोल आणि त्यात वर वळत जाणारा जिना. हा हलकेपणा सांगाड्यातून येतो. अभियंता फेलिक्स सॅम्युएली यांनी पोलाद रिव्हेट न ठोकता वेल्डिंगने जोडलं. ब्रिटनमधल्या इमारतींसाठी तेव्हा हे नवंच होतं.

पण पोलाद आणि समुद्र शेजारी आले की खरा खेळ सुरू होतो. काँक्रीटमध्ये पुरलेलं पोलाद एरवी सुरक्षित असतं. सिमेंट अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, पीएच (आम्लता मोजायची पट्टी, सात म्हणजे मध्य) साडेबाराच्या वर; त्यात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो आणि गंज थांबतो. पण खाऱ्या वाऱ्यातून येणारे क्लोराइड आयन, म्हणजे मिठातले विद्युतभारित कण, काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतात आणि हा पापुद्रा एखाद्याच ठिकाणी फोडतात. त्या टिंबाएवढ्या जागी लोखंड विरघळू लागतं, आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन भोवतालच्या मोठ्या, शाबूत पृष्ठभागावर ऑक्सिजन वापरून टाकतो. झीज सगळी त्या टिंबावर. खड्ड्यातलं विरघळलेलं लोखंड पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतं, आम्लामुळे खड्डा आणखी खोल जातो, आणि विद्युतभाराचा तोल राखायला आणखी क्लोराइड आत ओढले जातात. गंमत म्हणजे क्लोराइड स्वतः संपत नाहीत. तेच पुन्हा पुन्हा कामाला येतात. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून सुटतं. अशा स्लॅबला वरून गिलावा लावला की लोकांना बरं वाटतं, पण क्लोराइड आतच राहतात.

आता आमची टाकी. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कूलर दिवसभर पाण्याची वाफ करून उडवतो, पण फक्त पाण्याचीच. क्षार टाकीतच उरतात. आपण वरून नवं पाणी ओततो, क्षार वाढतच जातात. गवताच्या ताट्यांवरचा पांढरा थर बहुतेक चुन्याचा, तो फारसा घातक नाही. घातक आहेत ते न दिसणारे विरघळलेले क्लोराइड. रंग उडालेल्या कोपऱ्यात गाळाखाली ते साचले, की शेकडो किलोमीटर दूर असलेला समुद्र घरात आलाच.

पॅव्हेलियनला १९८६ मध्ये सर्वोच्च दर्जाचं वारसा संरक्षण मिळालं आणि मोठ्या डागडुजीनंतर २००५ मध्ये तो पुन्हा उघडला. टाकीचा तो कोपरा मी पत्रा चमकेपर्यंत तारेच्या ब्रशने घासला, नळाच्या पाण्याने तीनदा धुतला, वाळवला, ठिगळ लावलं आणि मगच रंग दिला. आता दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करतो.