उजनीचे पाणी केवळ कारखान्यांमुळे बिघडत नाही

उजनीचे पाणी हिरवट झाले की सोलापुरात दोष कारखान्यांवर, विशेषतः चादरी-टॉवेलांच्या रंगकामावर, टाकला जातो. वास्तविक शहर धरणाच्या खालच्या अंगाला असल्याने इथले रंगीत सांडपाणी उजनीत पोहोचूच शकत नाही. ते आपल्याच ओढ्यानाल्यांचे नुकसान करते, आणि तेही गंभीरच आहे. धरणात मात्र मुळा-मुठा आणि इंद्रायणी या नद्या पुणे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेमार्गे आणतात. त्यातील मैला व साबणाच्या पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस, शेतांतून वाहून आलेल्या खतांसह, शेवाळाला पोसतात. घरगुती मैलापाण्याकडे होणारे हे दुर्लक्ष मला सर्वांत घातक वाटते, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरच होती.