‘मूळ जागी’ म्हणजे नेमकं कुठे? हौशी रेसिंगमधल्या सस्पेन्शन-नियमांची पार्श्वभूमी

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या संस्थेच्या ऑटोक्रॉस (शंकूंमधून एकेक गाडी वेळ लावून पळवायची स्पर्धा) नियमांत स्ट्रीट टूरिंग वर्गासाठी बुशचं, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याचं, एक कलम आहे. मूळ बुशच्या जागी कोणत्याही मटेरियलचा बुश चालेल, फक्त धातूचा नको. बुशमधला धातू मूळ बुशपेक्षा वाढता कामा नये. आणि दंडगोल बुश काढून गोळा-वाटीचा सांधा बसवायचा नाही. एका रबरी तुकड्यासाठी इतकी बंधनं कशाला, असं नवख्याला वाटतं. पण सस्पेन्शनचे नियम असेच वाढत गेले: आधी एक मोघम सवलत, मग त्या सवलतीचा पुरेपूर फायदा घेणारी गाडी, मग नवं वाक्य.

सुरुवातीची गंमत ब्रिटनमधली. 750 मोटर क्लब 1939 साली ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त गाडीच्या शौकिनांनी काढला. स्वस्त गाडीचे भाग वापरून रेसिंग करायची, ही त्यांच्या फॉर्म्युल्यामागची कल्पना. पण ‘मूळ भाग’ म्हटलं तरी तो कसा वापरायचा हा प्रश्न उरतोच. त्या काळच्या ‘स्पेशल’, म्हणजे घरी जुळवलेल्या, गाड्यांवर लेस्ली बॅलमी यांची क्लृप्ती चालायची: पुढची दोन्ही चाकं जोडणारा अखंड बीम ॲक्सल मधोमध कापायचा आणि दोन्ही तुकडे मध्यभागी पिनवर टांगायचे. भाग जुनाच, पण झालं स्वतंत्र सस्पेन्शन. लोटस मार्क सिक्सवर फोर्डचा ॲक्सल असाच कापलेला होता. चाक वर-खाली होताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा तिरपेपणा, भयंकर बदलतो, हा त्यातला दोष.

याहून हुशार उदाहरण फॉर्म्युला व्हीचं. एससीसीएने हा वर्ग 1963 साली स्वीकारला. फोक्सवॅगन बीटलचं 1200 सीसी इंजिन, पुढे बीटलचाच बीम, मागे बीटलचाच स्विंग ॲक्सल. स्विंग ॲक्सलचा सांधा फक्त गिअरबॉक्सजवळ असतो. त्यामुळे वळणात बाहेरचं चाक गाडीखाली दुमडू पाहतं, गाडीची मागची बाजू वर उचलली जाते आणि पकड एका क्षणात सुटते. ॲक्सल बदलायची सोय नव्हती, म्हणून लोकांनी स्प्रिंग बदलली. ‘झिरो-रोल’ पद्धतीत दोन्ही बाजूंच्या ॲक्सलना मिळून एकच स्प्रिंग-डॅम्पर (डॅम्पर म्हणजेच शॉक) असतो. दोन्ही चाकं एकत्र वर आली तर तो दाबला जातो. गाडी कलली तर तो नुसता बाजूला सरकतो, विरोध करत नाही. कलण्याला विरोध सगळा पुढच्या बाजूला गेला, मागच्या दोन्ही टायरांवरच्या भारातला फरक कमी झाला. चाकं किती खाली लोंबू शकतील त्यावर मर्यादा घातली की दुमडणंही थांबलं. ॲक्सल मात्र कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही बीटलचाच.

1970च्या दशकात शोरूम स्टॉक वर्ग आला. गाडी जशी दुकानातून निघाली तशी, बदल फक्त सुरक्षेसाठी. ऐकायला न्याय्य, टायरांच्या दृष्टीने महागडं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या दांड्यात असलेल्या) गाडीला कारखान्यातून ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं, जेमतेम अर्धा-एक अंश मिळतो, रेसिंगला अडीच-तीन तरी लागतो. गाडी कलली की बाहेरचं चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं, आणि ती कड पार झिजून जाते.

1980च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या इम्प्रूव्ह्ड टूरिंगने म्हणूनच स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मोकळे केले, कॅम्बर प्लेटही दिली. स्ट्रटचं वरचं टोक 10 मिमी आत सरकवलं, तर साधारण 600 मिमी लांबीवर जवळपास एक अंश मिळतो. डॅम्परला वेगळी टाकी जोडायला मनाई होती. बुशचं ‘मटेरियल’ मात्र मोकळं ठेवलं. मग स्टीलचा गोलाकार, म्हणजे गोळा-वाटीचा, बेअरिंगही मटेरियलच, असा अर्थ निघाला. वर सांगितलेल्या कलमातलं गोळा-वाटीचं वाक्य का लागतं, ते इथे कळतं.

फरक किती पडतो? मूळ रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. चाक धरणारा आर्म हलला की रबर पिळतं आणि स्वतःच थोडं स्प्रिंगसारखं वागतं. म्हणून त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचा. जॅकवर लटकलेली असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेन बुश सरकत फिरतो, त्याला ग्रीस लागतं. एकाहून अधिक दिशांनी हलणाऱ्या ट्रेलिंग आर्मवर (पुढच्या टोकाला टांगलेला, मागे चाकाकडे जाणारा आर्म) तो अडकतो, मग गाडी कधी कशी वागेल सांगता येत नाही. गोलाकार बेअरिंगला यातलं काही होत नाही. नियमाचा राग त्याच्यावर आहे तो म्हणूनच.

स्प्रिंगच्या कलमातही अशीच अट असते: प्रकार मूळचाच, टेकण्याची जागा मूळचीच. जिथे स्प्रिंग आर्मवर आणि शॉक वेगळा, तिथे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकवरच चढवलेली स्प्रिंग, बसवला की गाडीचं वजन शॉकच्या माउंटवर येतं. तो पत्रा त्यासाठी बनवलेलाच नसतो, चिरतो. आणि उंची कमी केली म्हणून सगळं सुधारतं असंही नाही. स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म वर कलतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, आणि खाली बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगवर उलट जास्त कलते.

ऑटोक्रॉसच्या स्टॉक वर्गात बराच काळ शॉक मोकळे होते, पण अँटी-रोल बार बदलायचा तर फक्त पुढचा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना हे ठीक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागचा बार हवा असतो, त्यांची कुचंबणा झाली. पुढे ‘पुढचा किंवा मागचा, दोन्ही नाही’ असं झालं. शॉकवर पैसा इतका ओतला गेला की बाहेरून फिरवायच्या ॲडजस्टमेंट दोनवर रोखाव्या लागल्या. 2014 साली वर्गाचं नावच स्ट्रीट झालं आणि रेसिंगचे चिकट टायर गेले.

माझ्दा मियाटा गाड्यांच्या स्पेक मियाटा वर्गाने हा वादच बाजूला ठेवला: भाग ठरवूनच टाकले. पुढे 700 आणि मागे 325 पाउंड प्रति इंच स्प्रिंग, डॅम्पर ठरलेले. मोकळं उरतं ते अलाइनमेंट (चाकांचे कोन), बारचं सेटिंग आणि स्प्रिंगची उंची बदलणारे आट्यांचे कॉलर. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून, ड्रायव्हरच्या वजनाइतकं वजन सीटवर ठेवून कॉलर फिरवायचे. एका कोपऱ्याचा कॉलर वर केला की त्या चाकावरचा आणि तिरप्या समोरच्या चाकावरचा भार वाढतो, बाकी दोन्हींवरचा कमी होतो. पण त्याआधी बारची एक लिंक सोडायची. नाहीतर बार पिळलेला राहतो आणि काट्यावरचे आकडे खोटे निघतात.