कावीळ कधी झालीच नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह

तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलणारा किंवा रबाळे-महापे एमआयडीसीत हेल्परचं काम करणारा माणूस हॉस्पिटलात येतो तो हर्नियासाठी, नाहीतर हात मशीनमध्ये सापडला म्हणून. लिव्हरची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. ऑपरेशनआधी रक्त घेतात, त्यातल्या सीरमचे दोन-तीन थेंब एका छोट्या कार्डावर टाकतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात, एकच रेघ उमटली तर निगेटिव्ह, दुसरी पण उमटली, अगदी फिकट का असेना, तर एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे हिपॅटायटिस बी. मी लॅबमध्ये काम करते, आणि हे कळल्यावर पेशंट बहुतेक वेळा एकच म्हणतो, "मॅडम, पीलिया तो कभी हुआ ही नहीं."

आणि तो खरं बोलत असतो. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि बहुतेकांना काही आठवड्यात आपोआप बरं वाटतं, म्हणून तर काविळीच्या माळेला फुकटचं श्रेय मिळतं (गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे माळेत वेळ घालवायचा नाही). बी आणि सी यांचं तसं नाही, ते रक्तातून पसरतात, बी तर शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. लिव्हरचं नुकसान हा व्हायरस स्वतः फारसा करत नाही, त्याच्याशी लढताना आपलीच प्रतिकारशक्ती करते. नवजात बाळाचं शरीर लढतच नाही, म्हणून कावीळ दिसत नाही, पण व्हायरस मुक्कामाला राहतो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या साधारण 90 टक्के बाळांमध्ये तो कायमचा राहतो, मोठेपणी लागण झाली तर 5 टक्क्यांहून कमी लोकांमध्ये. मग वीस-तीस वर्षांनी काहींना सिरॉसिस (लिव्हर आतून कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा लिव्हरचा कॅन्सर.

बाहेरचे लोक रोग घेऊन येतात असं बोलणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने 2022 मध्ये भारतात 2.98 कोटी लोकांना बी आणि 55 लाखांना सी होता, आणि बीची लस देशभर सरकारी लसीकरणात आली ती 2011 च्या सुमारास, म्हणजे आज कमावत्या वयात असलेला माणूस गोरखपूरचा असो की साताऱ्याचा, लहानपणी त्याला ती मिळालेली असण्याची शक्यता कमीच. अमेरिकेत पूर्वी ज्या देशांत बीचं प्रमाण 2 टक्के किंवा जास्त तिथे जन्मलेल्यांना टेस्ट करायला सांगायचे, त्या यादीत आपण भारतीयही होतो! 2023 पासून तिथे प्रत्येक प्रौढाला आयुष्यात एकदा तरी टेस्ट करा असंच सांगतात.

इथे खरी अडचण रिपोर्टनंतर सुरू होते. फाइलवर पॉझिटिव्ह लिहिलं की कुठे कुठे ऑपरेशन पुढे ढकलतात, हे मी पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो, कारण ग्लोव्हज आणि सुयांची काळजी प्रत्येकच पेशंटसाठी घ्यायची असते. पेशंट घाबरतो, गावी निघून जातो आणि रिपोर्ट पिशवीतच राहतो. सीवर आता बहुतेकांना 12 आठवडे गोळ्या घेतल्या की पुरतं, 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. बी मुळासकट जात नाही आणि सगळ्यांना औषधही लागत नाही, पण टेनोफोविर हे बीचं औषध सुरू झालं की ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, व्हायरस उसळून लिव्हर एकदम बिघडू शकतं. छठला गावी गेला आणि गोळ्या संपल्या, असं होता कामा नये. बी आणि सीची टेस्ट आणि औषधं 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत, म्हणून निघायच्या आधी पुरेशा गोळ्या, रिपोर्ट आणि आपल्या जिल्ह्यातल्या सेंटरचा पत्ता बरोबर घ्यायला सांगा.

खोलीवर आठ-दहा जण राहतात, तिथे लगेच ताट वेगळं करतात. गरज नाही, एकत्र जेवल्याने बी-सी पसरत नाही, रेझर आणि ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा. बी निघाला असेल तर गावाकडच्या बायको-मुलांची टेस्ट करायची, निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर तीन डोस घ्यायचे. बायको गरोदर असेल तर फोन आजच करायचा, कारण तीही पॉझिटिव्ह निघाली तर बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन मिळायला हवं, आणि ते कुठे मिळेल हे बाळंतपणाच्या आधीच विचारून ठेवावं लागतं.