म्हशीच्या पोटातून गोबरगॅसच्या टाकीत

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सगळ्यांचं लक्ष कासेकडे आणि फेसाळ ग्लासाकडे असतं. त्याच वेळी म्हैस रवंथ करता करता ढेकर देते आणि मिथेन वायू बाहेर पडतो. हा वायू मागून जातो असा अनेकांचा समज आहे, पण बहुतेक सगळा तोंडावाटेच जातो.

तो बनवतात तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले आर्किया नावाचे सूक्ष्मजीव. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळच वेगळं, हे कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये दाखवलं. मिथेन करणाऱ्या आर्कियांना ऑक्सिजन म्हणजे विष. म्हशीनं खाल्लेलं उसाचं वाडं आणि कडबा इतर जिवाणू कुजवतात, तेव्हा हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पचन अडतं. आर्किया त्याची कार्बन डायऑक्साइडशी सांगड घालून मिथेन करतात आणि त्यावरच जगतात. म्हणून त्यांना निव्वळ उपद्रवी म्हणणं मला पटत नाही. मात्र चाऱ्यातली साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा या वायूबरोबर वाया जाते, हेही खरं.

हेच जीव शेणातून टाकीत येतात, म्हणून गोबरगॅसला वेगळं विरजण लागत नाही. नव्या टाकीचा पहिला गॅस बहुधा पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात, मिथेन करणारे सावकाश. टाकीत एकदम खूप खरकटं ओतलं की आम्ल साचतं आणि आर्किया थंडावतात. अशा वेळी काही दिवस भरणा थांबवणं हा साधा उपाय. थंडीतही गॅस कमी येतो. आर्कियांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. टाकीतला निम्म्याहून जास्त मिथेन ॲसिटिक आम्लापासून बनतो. म्हशीच्या पोटात ही वाट जवळजवळ बंद असते, कारण तिथला चारा लवकर पुढे सरकतो आणि ते आम्ल खाणाऱ्या आर्कियांना वाढायला वेळच मिळत नाही.

गगनबावड्याच्या पाणी भरलेल्या भातखाचरांत आणि तळ्यांच्या गाळातही मिथेन करणाऱ्या आर्कियांची वस्ती असते. हिंदी महासागराच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ सापडलेला एक प्रकार तर प्रयोगशाळेत १२२ अंश सेल्सिअसलाही वाढला.

शेगडीत जळालेल्या मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता सुटलेला मिथेन मात्र, १०० वर्षांच्या हिशेबानं, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. तेव्हा घरी गोबरगॅस असेल तर पाइपच्या सांध्यांना अधूनमधून साबणाचा फेस लावा; बुडबुडे आले तर तिथं गळती आहे.