पडद्यावरच्या सोंगाला नाकं का मुरडतात?

"काय बडबडायलास रे एकटाच?"

2006-07 च्या सुमाराला सोलापुरात ज्याच्या घरी ब्रॉडबँड होतं आणि जो ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राचं सोंग घेऊन इतरांबरोबर खेळायचा गेम, खेळायचा, त्यानं हे वाक्य रात्री तीनला आईच्या तोंडून ऐकलेलंच असणार. मी ऐकलंय. दिवसा लोडशेडिंग, आणि बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 वापर मोजत नसत. म्हणजे खेळायचं तर रात्रीच. घरच्यांना दिसायचं ते इतकंच: अंधारात पोराची पाठ, कानावर हेडफोन, आणि "अरे, मागं हो, मरशील" असं भिंतीला सांगणं. पलीकडं फिलिपिन्समधला एखादा खरोखर मरायच्या बेतात असायचा, पण ते आईला कसं कळणार?

ही नापसंती मात्र ब्रॉडबँडच्या आधीची आहे. आपल्या भाषेतच सोंगाबद्दल संशय मुरलेला आहे. 'सोंगं करू नकोस', 'नाटकं पुरे झाली', 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.' पोलिसाच्या वेशात दारात येऊन वॉरंट वाचणाऱ्या बहुरूप्यावर सगळे हसायचे, पण त्याचं ते पोट होतं. शिवाय तो समोर प्रेक्षक असताना सोंग आणायचा. पडद्यावरचा बहुरूपी कुणासमोर आणतो? गिरणीच्या भोंग्यावर आणि मागाच्या खडखडाटावर वाढलेल्या गावात रात्रपाळीला मान होता, कारण पहाटे कापड दिसायचं. रात्रभर जागून तलवारीची लेव्हल वाढवली, तर सकाळी दाखवायचं काय?

तिकडं अमेरिकेतही सुरुवात संशयानंच झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये आला. पात्राची भूमिका घ्यायची; कागद, फासे आणि कल्पनाशक्ती, बस्स. 1979 मध्ये मिशिगनमधला 16 वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला. तो विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला, अशी बातमी देशभर गाजली. प्रत्यक्षात त्याच्या बेपत्ता होण्याचा खेळाशी संबंध नव्हता, पण ते कळेपर्यंत गोष्ट पसरून गेली होती. ऐंशीच्या दशकात काही धार्मिक गट आणि पालक या खेळाला सैतानाची वाट म्हणू लागले. भूमिका घेणारा माणूस भूमिकेतच अडकतो, ही भीती तिथं घट्ट झाली.

त्याच काळात इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात 1978 मध्ये रॉय ट्रबशॉनं 'मड' हा संगणकावरचा पहिला असा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढं नेला. चित्र नाही, नुसता मजकूर, पण एकाच जगात अनेक जण. 1997 मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला, 1999 मध्ये 'एव्हरक्वेस्ट', आणि त्याचं टोपणनाव खेळणाऱ्यांनीच पाडलं: एव्हरक्रॅक. क्रॅक म्हणजे कोकेनचा एक प्रकार. गंमत म्हणून घेतलेलं नाव पुढं आरोप म्हणून परत आलं. 2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे वर्गणीदार 2010 पर्यंत 1 कोटी 20 लाखांवर गेले, तरी तळघरात बसलेल्या जाड्या, एकलकोंड्या पोराचं विनोदी चित्र काही पुसलं नाही. खेळाडूंची पाहणी करणाऱ्या निक यी या संशोधकाला त्यांचं सरासरी वय 26 च्या आसपास दिसलं. अर्थात आठवड्याला सरासरी 20 तासांहून जास्त खेळणंही त्यालाच दिसलं. तेव्हा आईचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

माझ्या मते खरी ठिणगी पडायची ती जेवायच्या वेळी. क्रिकेटचा गेम थांबवता येतो, हा थांबवता येत नाही. मोठ्या राक्षसाशी लढायला पंचवीस-चाळीस जण ठरवून जमतात. त्यातून जखमी साथीदारांना बरं करणारा उठला तर खेळातले सगळे मरतात. पण "आई, दहा मिनिटं, लोक थांबलेत" याचा घरातला अर्थ एकच: भाकरी थंड झाली तरी चालेल, ते अनोळखी लोक महत्त्वाचे. त्यातच वीज गेली, यूपीएस केकाटायला लागला, की इकडं आई आणि तिकडं चोवीस जण, दोन्हीकडून शिव्या.

नंतर मोबाईल आला आणि सगळे गेम एकाच पोत्यात गेले. पब्जीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली ती चिनी ॲपच्या कारणानं, पण पारावरच्या चर्चेत ती 'पोरं बिघडतात म्हणून' झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातला 'गेमिंग डिसऑर्डर' 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्याचं निदान करताना साधारण 12 महिने ताबा सुटलेला आणि रोजचं आयुष्य विस्कटलेलं असणं बघतात, पण बातमीच्या मथळ्यात तेवढी जागा नसते. रमीत पैसे घालवणाराही 'गेम खेळतो' आणि ड्रॅगन मारणाराही. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ वेगळे काढून त्यांना मनाई केली, ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याला कळलेला हा फरक आमच्या गल्लीत पोचायला वेळ आहे.

परवा जुळे सोलापुरातल्या एका मित्राचा लग्नाचा बायोडाटा बघितला. गडी पंधरा वर्षं खेळतोय, साठ-सत्तर जणांचा गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, चालवतो, त्यांची भांडणं मिटवतो. छंदाच्या रकान्यात लिहिलेलं: वाचन, ट्रेकिंग. ट्रेकिंगला तो शेवटचा कॉलेजात गेला होता.