शिशाची नाणी आणि प्लायची डबी

सातवाहनांची शिशाची चार नाणी माझ्याकडे आहेत. त्यातलं एक तर इतकं झिजलंय की त्यावर हत्ती आहे का डोंगर हे बघणाऱ्याच्या मूडवर आहे. पण हौसेला मोल नाही, म्हणून मी सुताराकडून त्यांच्यासाठी खास डबी करून घेतली, प्लायची, वरून सागाचं व्हीनिअर, आत मखमल. दोन पावसाळे गेले, एक दिवस डबी उघडली तर नाण्यांवर पांढरी भुकटी. मला वाटलं बुरशी, पुसायला गेलो तर भुकटीबरोबर हत्तीची सोंडपण निघून आली (सोंड असेल तर).

बुरशी नव्हती ती. लाकडातून ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटत असते, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं ॲसिड. ओकसारख्या लाकडातून जास्त, इतर लाकडांतून कमी, आणि प्लाय, एमडीएफमध्ये गोंद असतो त्याची वाफ वेगळी. आपल्या नाकाला काही कळत नाही पण बंद डबीत ती साठत जाते. ॲसिड शिशावर बसलं की लेड ॲसिटेट तयार होतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड येऊन त्याचं लेड कार्बोनेट करतो, ती पांढरी भुकटी, आणि गंमत म्हणजे या भानगडीत ॲसिड परत मोकळं होतं, पुढचं शिसं खायला! पूर्वी हॉलंडमध्ये पांढरा रंग बनवायला शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत मुद्दाम असेच ठेवायचे. मी तोच कारखाना कपाटात उघडला होता. आणि हो, ती भुकटी विषारी असते, त्यामुळे माझ्यासारखं बोटाने पुसू नका, फुंकर तर अजिबात मारू नका.

लोक विचारतात की दोन हजार वर्षं मातीत राहिलेलं नाणं कपाटात कसं खराब होईल. अहो, मातीत सगळं एकदा काय ते होऊन थांबलेलं असतं, नाण्यावर थर चढतो, हवा फारशी पोचत नाही, नाणं आणि माती दोघांचं जमून गेलेलं असतं. आपण बाहेर काढतो तेव्हा ती तडजोड मोडतो.

तांब्याचं उदाहरण घ्या. मातीतल्या मिठातलं क्लोराइड नाण्याच्या हिरव्या थराखाली, थेट धातूला चिकटून लपलेलं असतं. वरून नाणं एकदम ठणठणीत. मग दमट हवा लागली की त्या क्लोराइडमधून हायड्रोक्लोरिक ॲसिड बनतं, ते तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड बनतं, परत ॲसिड. सावकाराच्या कर्जासारखं आहे हे, मुद्दल काही संपत नाही. याला ब्रॉंझ डिसीज म्हणतात, पण संसर्ग वगैरे काही नाही, एका नाण्याचं दुसऱ्याला लागत नाही, नुसती केमिस्ट्री आहे. ओळखायचं कसं, तर गुळगुळीत, घट्ट, गडद हिरवा थर असेल तर निवांत राहा, पण फिकट हिरवे ठिपके दिसले आणि दात कोरायच्या काडीने टोकल्यावर पीठ पडलं तर नाणं आजारी. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की हे जवळपास थांबतं. आता मुंबईत, कोकणात पावसाळ्यात ८०-९० टक्के असते, त्यामुळे उघड्या कपाटाचा विषयच संपला.

चांदीचा शत्रू तिसराच, गंधक. रबरबँडमध्ये गंधक असतं, म्हणून रबर लावून ठेवलेली नाणी काळी पडतात. पण काळं पडणं परवडलं, ते घासणं परवडत नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला, सगळी नहपान या क्षत्रप (शक) राजाची, आणि त्यातल्या ९ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, स्वतःचा ठसा परत मारलेला, एका बाजूला चैत्य (कमानी रचून केलेला डोंगर), दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिकची खूण, चारही टोकांना गोल). म्हणजे हरलेल्याचं तोंड खाली आणि जिंकलेल्याची खूण वर, एकाच नाण्यावर. खालचा नहपान कुठे कानापुरता, कुठे नाकापुरता उरलाय. दोन-सव्वादोन ग्रॅमचं नाणं ते, पावडरने चमकवलंत तर सगळ्यात आधी तोच जाईल.

मग ठेवायचं कशात? ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक साधी टेस्ट दिली, जी मला फार आवडते. ज्या वस्तूची शंका आहे तिचा तुकडा बंद नळीत थोड्या पाण्याबरोबर ठेवायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांचे छोटे पत्रे, आणि ६० डिग्रीवर २८ दिवस सोडून द्यायचं. कुठला पत्रा खराब झाला त्यावरून कळतं कुणाला त्रास होणार. माझी डबी शिशाच्या पत्र्यावर नापास झाली असती हे सांगायला नको.

अल्बमच्या मऊ, वासाच्या प्लास्टिकपासूनही सावध, ते बहुतेक पीव्हीसी असतं, त्यातून नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पक्कडीत तांब्याची तार धरून लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवून परत आचेवर धरा, ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे. धूर वाईट असतो, खिडकीशी करा. मायलारची (म्हणजे पॉलिएस्टरची) पाकिटं चालतात, नीट कडक असतात.

मी आता प्रत्येक नाणं मायलारमध्ये, सोबत चिठ्ठी (वजन, कुठून घेतलं, कधी), आणि सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची, जुलैत जरा लवकर. शेतात वगैरे जमिनीत नाणी सापडली असतील तर मात्र डबा शोधत बसू नका, १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे आधी कलेक्टरला कळवावं लागतं.

राहिली देव्हाऱ्यातली शिवराई, मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. आई ती दर सणाला चिंचेने घासते, आता त्यावरचं ‘छत्रपती’मधलं फक्त ‘छत्र’ वाचता येतं. चिंचेतलं ॲसिड वरचा थर कसा काढतं ते तिला सगळं समजावलं, शांतपणे ऐकलं, आणि म्हणाली, मग काय देवाला डब्यात कोंडू?